टेबलावरचा मर्फी

सांगली, डिसेंबर २०१९

सकाळी ६.१५
चहाचं आधण ठेवता ठेवता आकाशवाणी सांगली लावतो. हे केंद्र १९६३ साली सुरू झालं, आणि आमच्या घरातली सकाळ तेव्हापासून त्याच्याच वेळेवर चालते. माझा धंदा जुने रेडिओ दुरुस्त करण्याचा. पहाटेचा आवाज स्वच्छ आला की कामाला हुरूप येतो.

सकाळी ९.००
दुकानाचं शटर वर करतो. ऑगस्टच्या महापुराची रेघ भिंतीवर अजून आहे, माझ्या डोक्याच्याही वर. व्हॉल्व्हचे दोन ड्रॉवर गाळात गेले. सर्किटचे कागद मात्र एकेक सुटा करून पत्र्यावर वाळवले. कडा मातकट झाल्या, पण रेघा वाचता येतात.

आज टेबलावर साताऱ्याच्या एका काकूंचा मर्फी रेडिओ आहे. काकूंचा पुतण्या काल रेल्वेने घेऊन आला, गोधडीत गुंडाळून, मांडीवर ठेवून. पन्नाशीच्या दशकातला लाकडी सेट. पाठीमागचा पुठ्ठा काढला तर आत लायसन्सचं पुस्तक निघालं. त्या काळी रेडिओ ठेवायचा तर पोस्टात दरवर्षी पंधरा रुपये भरून तिकीट चिकटवून घ्यावं लागे. ऐंशीच्या दशकात ती फी गेली.

सकाळी ९.३०
आधी ब्रशने धूळ. मग सोल्डर केलेले सांधे भिंगातून पाहतो. पत्र्याच्या चासीवर, ट्रान्सफॉर्मरशेजारी, कुण्या कारागिराने पेन्सिलीने लिहिलंय: ‘फिल्टर बदलला, १९७१’. नाव नाही. पण काम नेटकं, टाका गोल आणि चकचकीत.

सकाळी ११.००
या सेटचा मुख्य आजार मला माहीत आहे. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा छोटा कागदी कंडेन्सर म्हातारपणी गळतो. सिग्नल पुढे सोडायचा आणि डीसी व्होल्टेज अडवायचं, हे त्याचं काम. ते व्होल्टेज ग्रिडवर पोचलं की व्हॉल्व्ह जादा करंट ओढतो, आतली पत्री लाल होते, आवाज चिरकतो. वरून तो कंडेन्सर धडधाकट दिसतो, मेणसुद्धा जागच्या जागी. मी एक टोक सोडवून मीटर लावतो: गळतोय. पॉलिएस्टरचा नवा टाकतो. दोन फिल्टर कंडेन्सरही बदलतो, कारण १९७१ चे आता कितीही चांगले असले तरी त्यांचा भरवसा नाही.

सेटमधलं हे सगळं हाताला येईल असं मांडलेलं आहे. त्यामागे एका माणसाचा आग्रह होता, फ्रँक मर्फी. पेशाने इंजिनिअर, जाहिरातीच्या धंद्यातून आलेला. १९२९ मध्ये त्याने ई. जे. पॉवर यांच्याबरोबर इंग्लंडमध्ये वेल्विन गार्डन सिटीत छोटा कारखाना काढला. वायरलेस सोपा करायचा, हे त्याचं ब्रीद. ग्राहकाला सोपा आणि विकणाऱ्यालाही. दुकानदार निवडून नेमायचे आणि त्यांच्यासाठी खास पत्रिका काढायची, अशी त्याची पद्धत. १९३७ मध्ये तो स्वतःच कंपनीतून बाहेर पडला. नाव मात्र पुढे चालत राहिलं, आपल्या ठाण्यापर्यंत आलं, आणि ठाण्याच्या कारखान्यातले सेट गावोगावच्या फळीवर जाऊन बसले. मर्फीचं ते गोंडस बाळ जाहिरातीत पाहिलं नाही असं घर तेव्हा सापडलं नसतं.

दुपारी १.३०
डबा खातो तोवर काकूंचा फोन.
“दादा, बोलेल ना हो तो?”
“बोलेल, काकू. घाई तेवढी करू नका.”
“आणि डायलची काच बदलू नका. भूकंपात तडकली ती.”
११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप, पहाटेची वेळ. तडा बरोबर ‘सिलोन’च्या अक्षरांपाशी आहे. काच तशीच ठेवायची, असं वहीत लिहून ठेवलं.

दुपारी ३.००
डायलची दोरी बदलतो. तीन कप्प्या, एक स्प्रिंग, काटा मधोमध. कामात घाई केली की काय होतं ते मला ठाऊक आहे. धंद्यात नवा असताना एका आजोबांचा सेट थेट मेनवर लावला आणि ट्रान्सफॉर्मर जाळला. आजोबा रागावले नाहीत, नुसते बसून राहिले. त्यानंतर सिरीज बल्बशिवाय एकही सेट चालू केलेला नाही.

संध्याकाळी ५.३०
शंभरचा बल्ब सिरीजमध्ये जोडून बटण दाबतो. बल्ब क्षणभर लख्ख पेटतो, मग मंद होत जातो. असा मंद झाला म्हणजे आत शॉर्ट नाही. व्हॉल्व्हच्या तारा केशरी होतात, तापलेल्या धुळीचा आणि मेणाचा वास येतो. अर्ध्या मिनिटाने खरखर. काटा सरकवतो. सांगली लागलं, भरदार, लाकडातून आल्यासारखं.

संध्याकाळी ७.३०
अंधार पडला की मीडियम वेव्हवर लांबची केंद्रं जवळ येतात. दिवसा या लहरी गिळणारा आकाशातला थर सूर्यास्तानंतर विरळ होतो. ७९२ वर पुणे लागतं. याच केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून आठवड्याला एक याप्रमाणे गीतरामायणाची छप्पन्न गीतं गेली. लिहिणारे गदिमा आमच्याच जिल्ह्यातल्या शेटफळ्यात जन्मलेले. साताऱ्यातल्या आळ्यांतही असेच सेट अशीच गाणी ऐकवत असतील.

मर्फी कंपनीने पुढे ट्रान्सिस्टरही काढले, ‘मुन्ना’ नावाचा छोटा सेट तर फार लाडका. पण टीव्ही आला, स्वस्त रेडिओ आले, आणि ठाण्याचा कारखाना बंद पडला. आज तिथून सुटा भाग मागवता येत नाही. तरीही हा सेट दुरुस्त होतो, कारण बनवणाऱ्याने आत काही लपवलेलं नाही. कुणीही उघडावा, वाचावा, सुधारावा. कारागिराला याहून मोठा मान दुसरा कुठला?

रात्री ९.००
पुठ्ठा लावण्याआधी पेन्सिल घेतो. १९७१ च्या ओळीखाली लिहितो: ‘कपलिंग आणि फिल्टर कंडेन्सर बदलले, डायल दोरी नवी. काच मूळची, बदलू नये. डिसेंबर २०१९’. खाली अजून चार ओळींची जागा आहे.