आकाशवाटा (लेखांक ७) : अँडीजपारचं टपाल

मागच्या लेखांकात एरोपोस्ताल या फ्रेंच कंपनीचं टपाल ब्युनोस आयर्सपर्यंत पोहोचलं होतं. तिथून चिलीतल्या सांतियागोला जायचं, तर मध्ये अँडीज आडवा. अकोंकाग्वा शिखरच ६९६१ मीटर उंच. एवढं वर जाणं तेव्हाच्या टपाल-विमानांना जमत नसे, म्हणून वैमानिक शिखरांमधल्या खिंडी शोधत.

खरा वैरी मात्र वारा. पॅसिफिककडून आलेला वारा माथा ओलांडला की पूर्वेच्या उतारावरून खाली कोसळतो. त्या झोतात सापडलेलं विमान, इंजिन पूर्ण जोरात असूनही, खाली दाबलं जातं. मार्च १९२९मध्ये झाँ मेर्मोझ आणि त्याचा मेकॅनिक कोलेनो असेच एका पठारावर आदळले. गोठवणाऱ्या थंडीत कोलेनोने हाताशी होतं तेवढ्यावर विमान डागडुजी करून उभं केलं. मग दोघांनी ते उतारावरून थेट कड्याच्या दिशेने सोडलं. कडा सुटल्यावर खालच्या दरीतच त्याला पुरेसा वेग मिळाला! त्याच वर्षी जुलैत या मार्गावर नियमित टपाल सुरू झालं.

आंरी गियोमे हा या मार्गाचा सर्वांत मुरलेला वैमानिक. १३ जून १९३० रोजी, तिथल्या ऐन हिवाळ्यात, तो सांतियागोहून ९२व्यांदा अँडीज ओलांडायला निघाला. वादळाने त्याचं पोतेझ २५ विमान लागुना डेल दियामांते या सरोवरापाशी खाली आणलं. इंधन संपेपर्यंत तो सरोवराभोवती घिरट्या घालत राहिला. उतरताना विमान बर्फात उलटलं. विमानाखाली खड्डा खणून, टपालाच्या थैल्या भोवती रचून त्याने दोन दिवस काढले आणि मग तो पायी निघाला.

पाय सुजत गेले, तसे तो चाकूने बूट कापत गेला. एकदा बर्फात पडल्यावर उठावंसंच वाटेना. तेव्हा त्याला पत्नी नोएल आठवली आणि विम्याचा नियम आठवला: मृतदेह सापडला नाही, तर कायद्याने मृत्यू मानायला चार वर्षं लागतात. समोर एक खडक होता. तिथवर गेलं, तर निदान उन्हाळ्यात देह कुणाला तरी दिसेल, एवढ्यासाठी तो उठला. उठला आणि चालतच राहिला. पाच दिवस, चार रात्री. शेवटी एका चौदा वर्षांच्या मुलाच्या नजरेस तो पडला.

इकडे त्याचा मित्र आणि सहकारी सेंतेक्झुपेरी पाच दिवस शिखरांमधून विमान फिरवत त्याला शोधत होता. पुढे १९३९मध्ये ‘तेर देझ ओम’ हे पुस्तक त्याने गियोमेलाच अर्पण केलं. या पायपिटीमुळे गियोमे जगाला माहीत झाला, पण त्याचं मोठेपण त्यानंतरच्या वर्षांत अधिक दिसतं. बरा होऊन तो पुन्हा त्याच मार्गावर रुजू झाला आणि त्याने अँडीज एकूण ३९३ वेळा ओलांडला.