ऋतुमानानुसार त्वचेची निगा

मुंबईच्या दमट हवेतून बदलीवर दिल्लीत आलेल्या मराठी कुटुंबांना येथील थंडी प्रथम त्वचेवर जाणवते. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली थिजू लागते. बाटलीतील तेल थिजले, की निगेचा काळ आला असे समजावे. कढत पाणी त्वचेचा स्निग्धपणा धुऊन नेते. म्हणून कोमट पाण्याने स्नान करून अंग ओलसर असतानाच तेल लावावे. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा सैल, सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे उत्तम. पावसाळ्यात गजकर्ण बळावते. जांघा व बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात. मात्र औषधाच्या दुकानातून परस्पर स्टिरॉइडमिश्रित मलम आणू नये. त्याने खाज थांबते, पण बुरशी पसरत राहते आणि त्वचा पातळ होते. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घेणे, हीच खरी बचत होय.