त्रेचाळीस वर्षांनी परतलेली नावे

१६ ऑगस्ट २०११. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील हॅलिफॅक्स बंदरात संरक्षणमंत्री पीटर मॅके यांनी तीन नावे जाहीर केली. 'मेरिटाइम कमांड' यापुढे 'रॉयल कॅनेडियन नेव्ही' म्हणून ओळखली जाईल, 'एअर कमांड' पुन्हा 'रॉयल कॅनेडियन एअर फोर्स' होईल आणि 'लँड फोर्स कमांड'ला 'कॅनेडियन आर्मी' हे जुने नाव मिळेल. ही तिन्ही नावे १९६८ मध्ये सरकारी दप्तरातून पुसली गेली होती. वसाहतीतून देश उभा राहिला की सैन्याच्या नावातून राजा जातो आणि पुन्हा येत नाही, हा बऱ्याच देशांचा शिरस्ता. कॅनडात नावातला राजा त्रेचाळीस वर्षांनी परत आला, आणि तोही कुणी लादल्यामुळे नव्हे, तर निवडून आलेल्या सरकारच्या निर्णयाने. आधुनिक लष्करी इतिहासात याला तोड क्वचितच सापडेल.

या नावांचे मोल कळायचे तर त्यांच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते. पंतप्रधान विल्फ्रिड लॉरिए यांच्या सरकारने ४ मे १९१० रोजी कायदा करून कॅनडाचे स्वतःचे आरमार स्थापन केले. त्या वेळी ताफ्यात 'नायोबी' आणि 'रेनबो' या ब्रिटनकडून घेतलेल्या दोनच जुन्या क्रूझर होत्या. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९११ मध्ये, राजा पाचवा जॉर्ज याने या चिमुकल्या आरमाराला 'रॉयल' हा किताब दिला. १ एप्रिल १९२४ पासून हवाई दलही याच किताबासह कायमस्वरूपी उभे राहिले. सुरुवातीला हा मान वरून आलेला होता. त्याला खरा अर्थ मिळाला तो दुसऱ्या महायुद्धात.

युद्ध सुरू झाले तेव्हा कॅनडाच्या आरमाराकडे डझनभर जहाजे होती. ते संपताना चारशेच्या वर लढाऊ नौका होत्या आणि सुमारे एक लाख स्त्री-पुरुष सेवेत येऊन गेले होते. अटलांटिक ओलांडून ब्रिटनला धान्य, तेल आणि दारूगोळा नेणाऱ्या व्यापारी ताफ्यांना जर्मन पाणबुड्यांपासून सांभाळणे हे त्यांचे मुख्य काम. या कामाला 'कॉर्व्हेट' नावाच्या छोट्या नौका जुंपल्या होत्या. लांबी जेमतेम ६२ मीटर, खलाशी ऐंशीच्या आसपास, आणि लाट आली की संपूर्ण नौका हेलकावे खात भिजून निघायची. ब्रिटनने आपल्या कॉर्व्हेटना फुलांची नावे दिली, कॅनडाने आपल्या गावांची. सप्टेंबर १९४१ मध्ये 'शांब्ली' आणि 'मूस जॉ' या दोन कॉर्व्हेटनी 'यू-५०१' ही जर्मन पाणबुडी बुडवली. यातले मूस जॉ हे गाव समुद्रापासून हजार किलोमीटरहून दूर, गव्हाच्या मैदानी प्रदेशात आहे. ज्या गावाने समुद्र पाहिला नव्हता, त्याचे नाव अटलांटिकच्या लढाईत कोरले गेले. त्या काळातली 'सॅकव्हिल' ही एकच कॉर्व्हेट आज उरली आहे. ती हॅलिफॅक्समध्ये स्मारक म्हणून जपलेली आहे.

हवाई दलाची कामगिरीही तितकीच मोठी. राष्ट्रकुलातील देशांसाठी कॅनडाच्या भूमीवर चाललेल्या प्रशिक्षण योजनेतून १ लाख ३० हजारांहून अधिक वैमानिक आणि विमान-कर्मचारी तयार झाले. रॉयल कॅनेडियन एअर फोर्सचे सतरा हजारांहून अधिक जण युद्धात कामी आले. आपल्या शेजारच्या समुद्रातही या दलाची आठवण आहे. ४ एप्रिल १९४२ रोजी ४१३ क्रमांकाच्या कॅनेडियन स्क्वाड्रनचा अधिकारी लिओनार्ड बर्चल 'कॅटलिना' विमानातून गस्त घालत असताना त्याला श्रीलंकेच्या दिशेने येणारा जपानी विमानवाहू ताफा दिसला. विमान पाडले जाण्यापूर्वी त्याच्या विमानातून बिनतारी इशारा गेला आणि दुसऱ्या दिवशी कोलंबोवर हल्ला झाला तेव्हा बेट गाफील नव्हते. बर्चलची उरलेली युद्धाची वर्षे जपानी कैदेत गेली.

अशा नावांना १९६० च्या दशकात मूठमाती मिळाली. संरक्षणमंत्री पॉल हेलियर यांचे म्हणणे असे की, तीन दलांची तीन भरती केंद्रे, तीन वैद्यकीय सेवा, तीन हिशेब खाती यांत पैसा वाया जातो. तोच पैसा नव्या शस्त्रसामग्रीला लावावा. यात तथ्य होते. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. १ फेब्रुवारी १९६८ पासून आरमार, लष्कर आणि हवाई दल ही तिन्ही दले कायद्याने संपली आणि 'कॅनेडियन फोर्सेस' हे एकच दल अस्तित्वात आले. नौदलाचा गडद निळा, लष्कराचा खाकी आणि हवाई दलाचा करडा-निळा गणवेश जाऊन सर्वांना एकच गडद हिरवा गणवेश मिळाला. जहाजावरच्या खलाशाने आणि खंदकातल्या शिपायाने सारखाच कोट घालायचा होता. रिअर अ‍ॅडमिरल विल्यम लँडिमोर यांनी याला उघड विरोध केला आणि १९६६ मध्ये त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. आणखीही काही वरिष्ठ अधिकारी सेवेतून बाहेर पडले.

यानंतर जे घडले ते संथ आणि फार बोलके आहे. १९७५ मध्ये विखुरलेली विमानपथके 'एअर कमांड'खाली पुन्हा एकत्र आली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिन्ही विभागांना वेगवेगळ्या रंगांचे गणवेश परत मिळाले. २०१० मध्ये आरमाराची शताब्दी आली तेव्हा नौदल अधिकाऱ्यांच्या बाहीवरील सोनेरी फितीचे वेटोळे परतले. सर्वांत वरच्या पट्टीला काढलेला हा एक छोटासा फास. तो १९६८ नंतर बाहीवरून नाहीसा झाला होता. ज्या पिढीने तो कधी घातला नव्हता, त्या पिढीलाही तो हवा होता. नावे पुसली तरी घरोघरी, पलटणींच्या मेळाव्यांत आणि माजी सैनिकांच्या संघटनांत ती जिवंत होती. २०११ च्या घोषणेने त्यांच्यावर सरकारी शिक्कामोर्तब झाले.

या निर्णयाचा सर्वांत अद्भुत भाग असा की, नावे परतली पण १९६८ ची घडी विस्कटली नाही. आजही तिन्ही दले एकाच सैन्याचे भाग आहेत, त्यांचा सरसेनापती एकच आहे, भरती आणि वैद्यकीय सेवा सामायिक आहेत. काटकसर हवी तर ओळख सोडा, हा जो पेच चार दशके मांडला गेला, तो मुळात पेच नव्हताच, हे कॅनडाने दाखवून दिले. लष्कराच्या नावाला मात्र 'रॉयल' लागले नाही. ब्रिटनमध्येही नौदल आणि हवाई दल 'रॉयल' असते, लष्कर नसते. तिथे हा मान एकेका पलटणीला मिळतो. कॅनडातही तसेच आहे. क्वेबेकमधली फ्रेंच भाषिकांची प्रसिद्ध पलटण 'रॉयल बाविसावी रेजिमेंट' म्हणूनच ओळखली जाते.

विरोध झालाच. हा वसाहतीचा वारसा पुन्हा डोक्यावर घेणे आहे, फ्रेंच भाषिकांना ते रुचणार नाही, असे टीकाकार म्हणाले. ही भावना खोटी म्हणता येत नाही. मात्र १९११ चा किताब ब्रिटनच्या राजाने दिला होता, आणि २०११ मध्ये ज्या मुकुटाचे नाव परतले तो कॅनडाच्या स्वतःच्या राज्यघटनेतला मुकुट होता. शिवाय युद्धनौकांच्या नावांआधी लागणारे 'हिज' किंवा 'हर मॅजेस्टीज कॅनेडियन शिप' हे शब्द एकीकरणाच्या काळातही कधी गेले नव्हते. २०१३ मध्ये आरमाराला स्वतःचे वेगळे निशाणही मिळाले आणि त्याच्या कोपऱ्यात मेपलचे पान आहे.

आपल्याकडे हीच गोष्ट उलट्या वाटेने गेली. १९३४ मध्ये 'रॉयल इंडियन नेव्ही' हे नाव मिळालेल्या नौदलाचे नाविक फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत 'तलवार' या तळावरून बंडाला उभे राहिले. २६ जानेवारी १९५० रोजी नौदल आणि हवाई दल या दोन्हींच्या नावांतून 'रॉयल' गेले. मात्र विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन, एअर मार्शल हे ब्रिटिश घडणीचे हुद्दे आपल्या हवाई दलाने ठेवले. कॅनडाच्या हवाई दलाने 'रॉयल' परत घेतले, पण हे हुद्दे परत घेतले नाहीत. तिथल्या वैमानिकांना आजही मेजर, कर्नल अशी लष्करी पदे आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये भारतीय नौदलाने आपल्या ध्वजावरचा सेंट जॉर्जचा क्रॉस काढला आणि तिथे शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला.

दोन्ही देश आपापल्या ठिकाणी योग्यच वागले. मुंबईच्या नाविकाला 'रॉयल' म्हणजे परक्याची सत्ता होती, हॅलिफॅक्सच्या खलाशाला ते अटलांटिकमध्ये बुडालेल्या साथीदारांचे नाव होते. सैनिक ज्या नावाखाली जीव द्यायला निघतो ते नाव त्याला आपले वाटले पाहिजे. ते ठरवण्याचा अधिकार त्या देशाचाच असतो, आणि एका पिढीने घाईने घेतलेला निर्णय दुसरी पिढी विचारपूर्वक बदलू शकते. कॅनडाने हे संघटनेची एक वीटही न हलवता करून दाखवले. लष्करी सुधारणा आखणाऱ्या प्रत्येकाने हा धडा गाठीशी बांधावा असाच आहे.