नवीन कॉम्प्युटर चालू होत नाही? आधी बघा, तो नेमका कुठे अडतोय



दुकानाचा बोर्ड लागलाय, पेढ्यांची ऑर्डर देऊन झालीय, आणि उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी नवा कॉम्प्युटर जोडला तर स्क्रीन काळी! आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा मला असाच फोन आला होता. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान, दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा. पंखे फिरतायत, लाइट लागतेय, पण मॉनिटरवर "नो सिग्नल". एका रिपेअरवाल्याने फोनवरच सांगून टाकलं होतं, "मदरबोर्ड गेला असेल, खोलावा लागेल." मी त्यांना व्हिडिओ कॉल करून कॅबिनेटची मागची बाजू दाखवायला सांगितली. मॉनिटरची केबल चुकीच्या पोर्टला होती. दोन मिनिटांत काम झालं.

दुसरा किस्सा इतका गोड नाही. एका मुलाच्या नव्या लॅपटॉपची रॅम खरंच खराब निघाली. कंपनीने ती वॉरंटीत बदलून दिली असती. पण घाईत त्याने बाहेरच्या माणसाला लॅपटॉप खोलू दिला, खोलताना आतली एक केबल तुटली, आणि सर्व्हिस सेंटरने "फिजिकल डॅमेज" लिहून हात वर केले. ऐन ॲडमिशनच्या सीझनमध्ये दुकान होतं, मशीन नव्हतं.

म्हणून आजचा मुद्दा एकच. नवा कॉम्प्युटर चालू झाला नाही तर "काय खराब झालं?" हा प्रश्न आधी विचारायचाच नाही. "तो कुठपर्यंत पोचला आणि कुठे थांबला?" हे विचारायचं.

कॉम्प्युटर चालू होतो म्हणजे काय होतं?

आपण सकाळी दुकान उघडतो तसंच आहे हे. आधी लाइट लावतो. मग सगळं सामान जागेवर आहे का बघतो. मग गल्ल्याची किल्ली शोधतो. आणि मग गिऱ्हाईक घेतो. कॉम्प्युटरच्याही चार पायऱ्या असतात:

१. वीज सगळीकडे पोचणं.
२. स्वतःची तपासणी करणं. याला पोस्ट म्हणतात. प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले जागेवर आहे का, हे मदरबोर्ड बघतो.
३. विंडोज कुठल्या डिस्कवर आहे ते शोधणं.
४. विंडोज चालू होणं.

पहिल्या पायरीवर अडलेल्या मशीनमध्ये विंडोज परत टाकून काही होणार नाही. आणि चौथ्या पायरीवर अडलेल्या मशीनची रॅम काढून पुसण्यात अर्थ नाही. पायरी कळली की निम्मं काम झालं.

हात लावायच्या आधी पाच मिनिटं

बिल काढून ठेवा. खोक्यावरचा सिरियल नंबर आणि मशीनवरचा नंबर एकच आहे का बघा. काय होतंय त्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, स्क्रीनवर मेसेज असेल तर फोटो काढा. ऑनलाइन घेतलं असेल तर बदलून मिळण्याची मुदत किती दिवसांची आहे ते ऑर्डरमध्ये वाचा. ही मुदत वॉरंटीपेक्षा खूप छोटी असते. "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणत बसलात तर बदली मशीन हातचं जातं आणि फक्त रिपेअर उरतं.

पायरी १: काहीच होत नाही. लाइट नाही, पंखा नाही

त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. स्पाइक गार्डचं बटण तपासा. मग यूपीएस बाजूला ठेवून मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. नव्या यूपीएसची बॅटरी आधी चार्ज करावी लागते, किती तास ते त्याच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं.

डेस्कटॉपच्या मागे, जिथे पॉवर केबल लागते तिथे, बऱ्याच एसएमपीएसला छोटं बटण असतं. त्यावर एक रेघ आणि एक गोल असतो. रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. वाहतुकीसाठी ते बंद ठेवलेलं असू शकतं. काही जुन्या पद्धतीच्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असा लाल स्विच असतो. आपल्याकडे तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून वीज दिली तर एसएमपीएस जळतो.

लॅपटॉप असेल तर आधी चार्जर लावा. बरेच नवे लॅपटॉप कारखान्यातून अशा स्थितीत येतात की चार्जर लावल्याशिवाय पहिल्यांदा चालूच होत नाहीत. तरीही हलत नसेल तर चार्जर काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, सोडा, चार्जर लावून परत चालू करा.

पायरी २: पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी

इथेच सगळ्यात जास्त लोक घाबरतात, आणि साधी कारणंही इथेच जास्त सापडतात.

आधी मॉनिटर. त्याच्या मेन्यूमध्ये इनपुट एचडीएमआय आहे की व्हीजीए ते बघा. केबल दोन्ही बाजूंनी काढून परत घट्ट बसवा.

मग पोर्ट. मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मागे दोन ठिकाणी एचडीएमआय दिसेल. केबल ग्राफिक्स कार्डच्या पोर्टला लावायची, मदरबोर्डच्या नाही. इंटेलच्या प्रोसेसरच्या नंबरपुढे "एफ" असेल, उदाहरणार्थ आय५ १२४००एफ, तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतंच. मदरबोर्डच्या पोर्टमधून चित्र येणारच नाही. ताईंचं हेच झालं होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे धीर. डीडीआर५ रॅम असलेलं नवं मशीन पहिल्यांदा चालू होताना रॅमची जुळवणी करतं. त्यात काही मिनिटं जाऊ शकतात आणि तोवर स्क्रीन काळीच राहते. म्हणून पहिल्या वेळी दहा मिनिटं थांबा. मधेच बंद केलंत तर ते परत पहिल्यापासून सुरू होतं.

अजूनही काही नाही? मदरबोर्डवर छोट्या लाइट आहेत का बघा. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशा चार लाइट असतात. जी लागून राहते, तिथे गाडी अडलीय. बीप वाजत असतील तर ते मोजा. त्यांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, तो मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत बघायचा.

असेंबल डेस्कटॉप असेल, सील नसेल, आणि विकणाऱ्याने "उघडा" म्हटलं असेल तरच साइडचं झाकण काढा. वीज बंद, केबल काढलेली, आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच आत हात. रॅम काढून दोन्ही बाजूंना "टक" आवाज येईपर्यंत परत बसवा. प्रवासाच्या धक्क्यांनी ती हललेली असू शकते. मदरबोर्डला दोन पॉवर केबल असतात: एक मोठी २४ पिनची, दुसरी प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनची. ही दुसरी राहिली तर पंखे फिरतात पण स्क्रीन येत नाही. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही खोलायचा नाही, केबल काढल्यावरही त्यात चार्ज राहतो.

पायरी ३: कंपनीचा लोगो येतो, मग काळ्या स्क्रीनवर इंग्रजी ओळ

"बूट डिव्हाइस सापडत नाही" अशा अर्थाचा मेसेज असेल तर आधी पेन ड्राइव्ह आणि बाकी यूएसबी काढा. मग बायोसमध्ये जाऊन एसएसडी दिसते का बघा. बऱ्याच मशीनवर त्यासाठी चालू करताना एफ२ किंवा डिलीट दाबतात, एचपीवर एफ१०. एसएसडी दिसत असेल तर बूटच्या यादीत ती पहिली ठेवा. दिसतच नसेल तर एसएसडी सैल आहे किंवा खराब आहे, म्हणजे वॉरंटीचं काम.

आणि एक गोष्ट बघा. बिलावर "डॉस" किंवा "फ्रीडॉस" लिहिलंय का? मग मशीन बिघडलेलं नाही. त्यात विंडोज दिलेलंच नाही, म्हणूनच ते काही हजारांनी स्वस्त होतं! इथे बरेच नवे उद्योजक फसतात. कर्जासाठी कोटेशन घेता तेव्हाच विंडोजच्या लायसन्सचा खर्च त्यात धरा. नंतर तो खिशातून जातो, किंवा मग माणूस चोरीच्या विंडोजकडे वळतो. लोकांचे आधार, पॅन आणि बँकेची कागदं ज्या मशीनवर उघडतात, त्यावर असलं काही नको.

पायरी ४: विंडोज सुरू होतं, पण गोल फिरत राहतो किंवा परत रीस्टार्ट होतं

पहिल्यांदा सेटअप होताना आणि अपडेट चालू असताना वेळ लागतो. टक्केवारी पुढे सरकत असेल तर बंद करू नका.

खरंच तासभर अडकलं असेल तर विंडोजचा लोगो दिसत असताना पॉवर बटण दाबून बंद करा. असं दोन-तीन वेळा झालं की विंडोज स्वतःच दुरुस्तीची निळी स्क्रीन दाखवतं. तिथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप रिपेअर. ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर घाबरू नका. ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने मशीन सेट केलं, त्यात ती बहुतेक सेव्ह झालेली असते. म्हणून ते अकाउंट स्वतःच्या ईमेलने बनवा, दुकानदाराच्या नाही.

झेरॉक्सवाल्यांसाठी खास: प्रिंट दिली की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो? लेझर प्रिंटर यूपीएसला लावलाय का बघा. तो गरम होताना एकदम जास्त वीज ओढतो आणि छोटा यूपीएस दम टाकतो. प्रिंटर वेगळ्या सॉकेटला लावा.

कुठे थांबायचं?

जळका वास आला, ठिणगी दिसली, किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच मेन स्विच बंद करा. झिणझिण्या म्हणजे बहुतेक अर्थिंगची गडबड, ते काम इलेक्ट्रिशियनचं. लॅपटॉप आणि सीलबंद मशीन स्वतः खोलायचं नाही, दुसऱ्यालाही खोलू द्यायचं नाही.

सर्व्हिस सेंटरला फोन करताना "चालू होत नाही" एवढंच सांगू नका. "वीज येते, पंखे फिरतात, डीरॅमची लाइट लागून राहते, केबल आणि मॉनिटर बदलून बघितलाय" असं सांगा. तक्रारीचा नंबर घ्या, आणि तोच तपशील ईमेलवरही टाका.

विकणारा म्हणाला, "तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, ग्राहक कायदा लागू नाही," तर गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे, स्वयंरोजगारातून फक्त स्वतःचं पोट भरण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरणारा माणूस ग्राहकच असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पक्कं बिल मात्र हवंच. असेंबल मशीन असेल तर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या, कारण प्रत्येकाची वॉरंटी वेगळी असते.

शेवटचं सांगतो. मशीन उद्घाटनाच्या किमान आठ-दहा दिवस आधी घ्या आणि रोज चार-पाच तास चालवा. प्रिंटर जोडा, स्कॅन करा, दोन खोटे फॉर्म भरून बघा, पण सबमिट करू नका! जे बिघडायचं ते तेव्हा बिघडू द्या, बदलून घ्यायला वेळ असताना. फॉर्मच्या शेवटच्या तारखेला दारात रांग असते, तेव्हा कॉम्प्युटर शिकायची वेळ नसते.

चार पायऱ्या एका कागदावर लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!