धानपट्ट्यातील जनावरांचा मुतखडा : कोंडा, तणस आणि पाणी



भंडारा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. तुमसर, मोहाडीपासून लाखांदूर, पवनीपर्यंत बांध्याच बांध्या, आणि मोठ्या गावात एखादी तरी धानाची गिरणी. १९९९ साली वेगळा झालेला गोंदिया जिल्हाही याच पट्ट्यातला. धानामुळे इथल्या पशुपालकाला दोन गोष्टी जवळजवळ घरबसल्या मिळतात : तणस आणि कोंडा. बैल, म्हैस तणसावर राहतात. घरी बांधून पोसलेल्या बोकडापुढे मात्र सकाळ-संध्याकाळ कोंड्याचे घमेले असते. ईद किंवा घरचे कार्य जवळ आले की हे घमेले आणखी भरते. बोकड भराभर वजन घेतो, अंगावर चकाकी येते. आणि एके दिवशी तो चारा सोडतो, पाठ कमानीसारखी करून कुंथू लागतो.

घरातील माणसांना वाटते, शौचास होत नाही. मग गोडेतेल पाजले जाते, दुसऱ्या दिवशी ओवा-हिंग दिला जातो. तिसऱ्या दिवशी बोकड दवाखान्यात येतो तेव्हा त्याचे मूत्राशय फुटलेले असते. रोग पोटाचा नसतोच. मुतखडा मूत्रमार्गात अडकून लघवी तुंबलेली असते. हा रोग बहुतांशी खाद्यातून येतो आणि म्हणूनच बहुतांशी टाळता येतो. तो कसा, हे या लेखात सांगावयाचे आहे.

खडा का तयार होतो?

येथे कोंडा म्हणजे धानाचे वरचे टरफल नव्हे. तांदूळ पांढरा करताना निघणारी बारीक, तपकिरी, किंचित तेलकट पूड म्हणजे कोंडा. खाद्य म्हणून तो वाईट नाही. त्यात प्रथिने आहेत, तेल आहे. दोष आहे तो क्षारांच्या प्रमाणात. कोंड्यामध्ये स्फुरद साधारण दीड टक्का असते आणि कॅल्शियम, म्हणजे आपल्या भाषेत चुना, एक दशांश टक्क्याहूनही कमी. जनावराला याच्या उलट हवे असते : कॅल्शियम दोन भाग, तर स्फुरद एक भाग.

याचा हिशेब करून पाहा. पंचवीस किलोच्या बोकडाने दिवसाला ३०० ग्रॅम कोंडा खाल्ला तर त्याच्या पोटात सुमारे साडेचार ग्रॅम स्फुरद जाते आणि कॅल्शियम पाव ग्रॅमही जात नाही. रवंथ करणाऱ्या जनावरात जास्तीचे स्फुरद एरवी लाळेतून पोटात उतरते व शेणाबरोबर बाहेर पडते. पण लाळ सुटते ती चावण्याने आणि रवंथाने. पाल्याची डहाळी तोडून खाणारी शेळी भरपूर चावते. कोंड्याचा लगदा मात्र न चावताच घशाखाली जातो. लाळ कमी पडली की शिलकी स्फुरदाला लघवीची वाट धरावी लागते. चारा खाणाऱ्या जनावराची लघवी मुळात अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची असते. अशा लघवीत स्फुरदाचे क्षार विरघळून राहत नाहीत. त्यांची वाळूसारखी कणी जमते आणि कणीला कणी चिकटून खडा होतो.

तणसाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यात स्फुरद फारच कमी, पण सिलिका म्हणजे वाळूचाच एक प्रकार भरपूर असतो. धानाच्या पात्याने हात कापतो तो या सिलिकामुळेच. शिवाय तणसात ऑक्झलेट असते. ते खाद्यातील थोड्याफार कॅल्शियमला बांधून टाकते व ते जनावराच्या अंगी लागू देत नाही. नुसते तणस खाणाऱ्या जनावराला हिरव्या चाऱ्यातून मिळणारे अ जीवनसत्त्वही मिळत नाही. त्याच्या अभावी मूत्रमार्गाच्या आतील त्वचेच्या पेशी सुटू लागतात आणि अशा सुटलेल्या पेशींभोवती खडा धरू शकतो. म्हणून 'आमच्या बैलाला तर कोंडा मिळतच नाही' एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

हिवाळ्यात जास्त का?

मुतखड्यात खाद्याइतकेच महत्त्व पाण्याला आहे. धान निघाल्यावर हिरवा चारा संपतो, जनावर सुक्यावर येते. नेमके त्याच दिवसांत थंडी पडते आणि टाक्यातील गार पाण्याला जनावर तोंड लावून बाजूला होते. सुका चारा वाढला, पाणी घटले, म्हणजे लघवी घट्ट झाली. एक किलो सुक्या चाऱ्यामागे जनावराला तीन ते चार लिटर पाणी लागते. तणसावरील बैलाच्या पोटात त्या हिशेबाने तीस-चाळीस लिटर पाणी जावयास हवे. दिवसातून दोनदा बादली दाखवून एवढे पाणी जात नाही. तलावांच्या जिल्ह्यात जनावराने तहानेने आजारी पडावे हे विचित्र वाटेल. परंतु गोठ्यात बांधलेल्या जनावराला गावचा तलाव काय कामाचा?

नरालाच का?

खडे मादीच्याही मूत्राशयात होतात. पण गाय, शेळी यांचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असल्यामुळे कणी वाहून जाते, अडकत नाही. बैलाचा मूत्रमार्ग लांब, अरुंद आणि वाटेत नागमोडी वळण घेणारा असतो. खडा या वळणाशी अडतो. बोकडाला आणखी एक अडचण आहे. त्याच्या शिश्नाच्या टोकाशी गांडुळासारखी बारीक नळी असते. ज्वारीच्या दाण्याहून लहान खडाही तिच्यात बसू शकतो.

त्यात खच्चीकरणाची भर पडते. नराचा मूत्रमार्ग वयात येताना नर-संप्रेरकामुळे रुंद होतो. दीड-दोन महिन्यांच्या करडाचे खच्चीकरण केले तर तो अरुंदच राहतो. पुढे त्याच करडाला घरी बांधून कोंड्यावर पोसावयाचे म्हणजे रोगाला दोन्ही दारे उघडी. बोकडाचे खच्चीकरण पाच-सहा महिन्यांपर्यंत लांबवावे. घाई करून मांसात जो काही फायदा होतो, तो एक बोकड दगावला तरी संपतो.

लक्षणे ओळखा

सुरुवातीला जनावर वारंवार लघवीचा पवित्रा घेते, शेपटी थरथरवते, पण थेंब थेंबच लघवी होते. कधी ती लालसर असते. बोकडाच्या लघवीच्या जागेवरील केसांना पांढुरकी, खरखरीत कणी चिकटलेली दिसते. पोसण्याच्या बोकडाचे हे केस आठवड्यातून एकदा बोटांनी चाचपून पाहावेत. खडा अडकण्यापूर्वीचा हा इशारा फुकटात मिळतो. पुढे जनावर पोटावर लाथा मारते, दात खाते, ऊठबस करते, रवंथ बंद होते. बोकड कुंथताना ओरडतो.

बद्धकोष्ठ की लघवीचा अडथळा, असा संशय आल्यास जनावर कोरड्या पोत्यावर किंवा राख पसरलेल्या जागेवर बांधावे. रात्रभरात लेंड्या पडल्या आणि राख कोरडीच राहिली, तर दुखणे कोठे आहे हे कळते. मात्र दिवसा लक्षणे दिसली असतील तर या परीक्षेसाठी रात्र घालवू नये.

यापुढची पायरी फसवी आहे. दोन-तीन दिवसांनी जनावर एकाएकी शांत होते, कुंथणे थांबते, क्वचित चाऱ्यालाही तोंड लावते. घरचे म्हणतात, उतार पडला. वास्तविक तेव्हा मूत्राशय फुटलेले असते. ताण गेला म्हणून वेदना गेली. लघवी पोटात साठते, पोट दोन्ही बाजूंनी खाली लोंबू लागते. मूत्रमार्ग फुटला असेल तर पोटाखाली, लघवीच्या जागेभोवती मऊ सूज पसरते. लघवीतील विष रक्तात भिनते आणि काही दिवसांत जनावर मरते. अशा जनावराच्या मांसाला लघवीची दुर्गंधी येते, ते खाण्यालायक राहत नाही. 'निदान कापून तरी पैसे येतील' हा हिशेबही उशीर केल्यास चुकतो.

अडकल्यावर काय करावे, काय करू नये

लघवी तुंबलेल्या जनावराला बळेच पाणी पाजू नये. गोखरूचा काढा, कुळथाचे पाणी हेही देऊ नये. माणसांच्या मुतखड्यावर ही औषधे प्रसिद्ध आहेत आणि लघवी वाढविण्यासाठीच ती दिली जातात. पण नळाच्या तोंडाला बूच बसले असता टाकीत पाणी वाढवून काय होणार? मूत्राशय फक्त लवकर फुटते.

त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे किंवा जनावर दवाखान्यात न्यावे. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. बोकडात खडा टोकाच्या नळीत असेल तर पशुवैद्यक ती नळी कापून काढतात. काम थोड्या वेळाचे असते, लघवीची धार लगेच सुटू शकते आणि पैदाशीच्या क्षमतेवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. खडा वर अडकला असेल तर शस्त्रक्रिया लागते. बैल-बोकडात मूत्रमार्गाच्या वळणांमुळे बाहेरून घातलेली नळी मूत्राशयापर्यंत पोहोचत नाही. म्हणून पोटातून थेट मूत्राशयात रबरी नळी बसवून लघवीला दुसरी वाट देतात. मग औषधाने खडा विरघळण्यास वेळ मिळतो आणि पुष्कळ जनावरे काही दिवसांत पुन्हा नैसर्गिक वाटेने लघवी करू लागतात. अशा शस्त्रक्रियेची सोय नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात आहे. भंडाऱ्याहून ते अंतर साठ-पासष्ट किलोमीटरचे आहे. मूत्राशय फुटण्यापूर्वी पोहोचलेले जनावर वाचण्याची आशा पुष्कळच जास्त असते.

खडा विरघळविण्याचे औषध म्हणजे अमोनियम क्लोराइड, आपला नवसागर. तो लघवी आम्लधर्मी करतो, त्यामुळे स्फुरदाचे खडे विरघळतात. सिलिकाच्या खड्यावर त्याचा उपयोग नाही. मात्रा वजनावर ठरते. पंचवीस किलोच्या बोकडाला रोज साधारण ५ ग्रॅम. ती पशुवैद्यकाने ठरवावी आणि किती दिवस द्यावयाचे तेही त्यांनीच सांगावे. बाजारात कल्हईसाठी मिळणारा नवसागर (हातभट्टीवाले नेतात तोच) अशुद्ध असतो. तो जनावराला देऊ नये.

खाद्यात करावयाचा बदल

कोंडा बंद करा असे आम्ही सांगणार नाही. दारात स्वस्त मिळणारे खाद्य कोणी सोडत नाही, सोडण्याची गरजही नाही. त्याचे प्रमाण मात्र एकूण खुराकाच्या पाव हिश्श्यावर जाऊ देऊ नये. बोकडासाठी शंभर किलो खुराक असा करता येईल : मका किंवा ज्वारीचा भरडा ४० किलो, भुईमूग अथवा जवसाची ढेप ३० किलो, कोंडा २४ किलो, चुनखडीची पूड ३ किलो, क्षार मिश्रण २ किलो आणि मीठ १ किलो. चुनखडीची पूड म्हणजे पशुखाद्यासाठी मिळणारे कॅल्शियम कार्बोनेट. पानाला लावण्याचा किंवा भट्टीचा चुना नव्हे. या मिश्रणात कॅल्शियम आणि स्फुरद यांचे प्रमाण जवळजवळ दोनास एक होते. चुनखडी आणखी वाढवून फायदा नाही, अति कॅल्शियमचेही खडे होतात.

खुराकापेक्षा पाला-चारा महत्त्वाचा. बोकडाला रोज सुबाभूळ, शेवगा, उंबर, बोर असा मिळेल तो पाला बांधून टांगावा. तो तोडून खाताना लाळ सुटते. धुऱ्यावरील तुरीचे, रब्बीतील लाखोळी व हरभऱ्याचे कुटार जाळू नये, विकूही नये. कडधान्याच्या कुटारात तणसापेक्षा कितीतरी अधिक कॅल्शियम असते. बैलाच्या तणसात ते मिसळावे आणि आठवड्यातून काही दिवस तरी मूठभर हिरवे द्यावे. हिवाळ्यात पाणी विहिरीचे किंवा बोअरचे ताजे काढलेले, म्हणजे कोमट, ठेवावे आणि ते दिवसभर समोर असावे. खुराकातील मिठामुळे तहान लागते, म्हणून मीठ घालून पाणी आखडते घेणे हा दुहेरी तोटा आहे.

घरच्या कुत्र्याचे काय?

कुत्र्यालाही मुतखडा होतो आणि तो अनेकदा 'हाड अडकले' समजून दुर्लक्षिला जातो. पण कारणे वेगळी आहेत, म्हणून वरील उपाय कुत्र्याला लावू नयेत. कुत्र्यात दोन प्रकारचे खडे जास्त आढळतात. एक प्रकार बहुधा मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गातून होतो आणि तो कुत्रीत अधिक दिसतो. प्रतिजैविके व विशेष आहार यांनी हा विरघळू शकतो. दुसरा ऑक्झलेटचा, तो उतारवयाच्या नरात, विशेषतः ल्हासा अप्सोसारख्या लहान जातींत अधिक होतो आणि औषधाने विरघळत नाही, काढावाच लागतो. डाल्मेशियन या ठिपक्यांच्या जातीत तिसराच, यूरिक आम्लाचा खडा होतो. गावठी कुत्रे दिवसभर हिंडते, हवे तेव्हा टांग वर करते. घरात साखळीला बांधून ठेवलेले, लठ्ठ, कमी पाणी पिणारे आणि तासन् तास लघवी रोखून धरणारे कुत्रे या रोगाला लवकर बळी पडते. नर कुत्र्याच्या शिश्नात एक हाड असते. खडा त्याच्या मागे येऊन अडतो. मात्र कुत्र्याचा मूत्रमार्ग बैलासारखा वेडावाकडा नसल्याने पशुवैद्यकांना नळी घालून खडा मागे मूत्राशयात ढकलता येतो. तेव्हा लघवी बंद असलेले कुत्रेही त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

जनावर कोणतेही असो, शस्त्रक्रियेत निघालेला किंवा लघवीतून पडलेला खडा फेकून देऊ नये. तो धुऊन, वाळवून कागदाच्या पुडीत ठेवावा व पशुवैद्यकाकडे द्यावा. खडा कशाचा आहे हे तपासणीत कळले, तरच त्या जनावराच्या खाद्यातून पुढे काय कमी करावयाचे आणि काय वाढवावयाचे हे नक्की सांगता येते.