बातमी आपली, तर किल्लीही आपलीच हवी

गावात अन्याय झाला की आपण मोर्चा काढतो, तहसीलदारांना निवेदन देतो. पण त्या मोर्चाची बातमी छापायची की नाही, हे ठरविणारा माणूस बहुधा आपला नसतो. ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलॉन्ड्री यांनी २०१९ साली पाहणी केली. तीत वृत्तसंस्थांमधील १२१ वरिष्ठ पदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातीचा एकही नव्हता.

बाबासाहेबांनी हे दुखणे शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, तेव्हा पैसे मोजूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. तरीही १९२३ साली पत्र बंद पडले. १९२७ साली निघालेले 'बहिष्कृत भारत'ही पैशाअभावी १९२९ साली थांबले. विचार कमी पडला नव्हता, वर्गणी कमी पडली.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांना तिची गंभीर दखल घ्यायला जवळजवळ महिना लागला. तोवर सत्य लोकांपुढे नेले ते कार्यकर्त्यांच्या अहवालांनी, पत्रकांनी आणि ई-मेलने.

आपल्या मराठवाड्याचे तरी काय? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि गावोगावी आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील पोचीराम कांबळे शहीद झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. पण त्या सोळा वर्षांची कात्रणे, पत्रके आज कुणाच्या तरी ट्रंकेत वाळवी खाते आहे.

म्हणूनच आम्ही मुरुडची मंडळी म्हणतो, लातूर-नांदेडच्या मंडळांनी, महिला संघांनी, कामगार संघटनांनी एकत्र येऊन सामाईक वेबसाइट उभारावी. २०२१ साली मीना कोतवाल यांनी 'द मूकनायक' हे नाव घेऊन इंटरनेटवर वृत्तपत्र सुरू केलेच आहे. मात्र काही गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात.

पहिली गोष्ट मालकीची. वेबसाइटचे नाव म्हणजे डोमेन. ते बनवून देणाऱ्या पोराच्या नावावर नको, नोंदणीकृत संस्थेच्या नावावर घ्यावे. पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा. डोमेनचे नूतनीकरण मुदतीत झाले नाही, तर तेच नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो.

दुसरी गोष्ट लिपीची. मजकूर युनिकोडमध्येच टाईप करावा. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधला मजकूर तसाच टाकला, तर वाचणाऱ्याच्या मोबाईलवर नुसती चिन्हे दिसतात आणि शोधूनही तो सापडत नाही.

तिसरी गोष्ट पुराव्याची. प्रत्येक बातमीला तारीख, गाव, फिर्यादीची प्रत आणि दुसऱ्या बाजूचे म्हणणे हवे. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. लेकराबाळांच्या बाबतीत पॉक्सो कायदा आहे. बातमीच्या घाईत आपल्याच लेकीची बदनामी होता कामा नये.

चौथी गोष्ट पाठपुराव्याची. वृत्तपत्राने समाजाची बदनामी केली, तर आधी संपादकाला लेखी कळवावे लागते. दाद मिळाली नाही, तर भारतीय प्रेस परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिक वा साप्ताहिक असेल, तर छापल्यापासून दोन महिन्यांत ती पोहोचायला हवी. कात्रण तारखेसह वेबसाइटवर जपलेले असेल, तर धावाधाव वाचते.

आम्ही कारकुनी करणारी माणसे, आम्हाला हिशेबाची भाषा कळते. एकदाच मोठी देणगी घेऊन थाटात उद्घाटन करण्यापेक्षा प्रत्येक घराने महिन्याला दहा रुपये द्यावेत. त्याचा जमाखर्च दर पौर्णिमेला विहारात वाचून दाखवावा. बाया-बापड्यांनी ट्रंका उघडाव्यात, शिकलेल्या मुलामुलींनी टायपिंगला बसावे. या पौर्णिमेच्या बैठकीत पहिला विषय हाच घ्यावा, ही विनंती. जयभीम!