कार्यशून्य प्रेरणा व भ्रमणशील विद्युत्‌भारित कण

मराठी शास्त्रीय परिभाषेत बलासाठी ‘प्रेरणा’ हा शब्दही रूढ आहे. व्यवहारात प्रेरणेपाठोपाठ कार्य अपेक्षिले जाते. परंतु चुंबकीय प्रेरणा विद्युत्‌भारित कणावर कधीच कार्य करीत नाही. ती कणाच्या गतीस व चुंबकीय क्षेत्रास सदैव लंब असते. त्यामुळे कणाचा मार्ग वळतो. त्याची चाल मात्र वाढत नाही वा घटत नाही.

सिन्नर परिसरात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता ४० हजार नॅनोटेस्लांहून काहीशी अधिक आहे. एवढ्या तीव्रतेच्या क्षेत्रात, निर्वात स्थळी, लंब दिशेने सोडलेला प्रोटॉन सेकंदास सहाशेहून अधिक फेरे घेईल. चाल दुप्पट केल्यास वर्तुळाची त्रिज्या दुप्पट होते. फेऱ्याचा काळ तोच राहतो. चाल प्रकाशवेगाच्या मानाने अल्प असेतोवर हा नियम लागू पडतो.

मग अशा कणांचा प्रभाव भूपृष्ठावरील चुंबकसूचीस कसा जाणवतो? पृथ्वीपासून दूर जाता क्षेत्र क्षीण होते. म्हणून फेऱ्याच्या पृथ्वीकडील भागात कण अधिक वळतो, बाहेरील भागात कमी. वर्तुळ पुरते मिटत नाही व कण पृथ्वीभोवती सरकत जातो. धन कण पश्चिमेस, इलेक्ट्रॉन पूर्वेस. दोहोंमिळून पश्चिमवाही वलयप्रवाह निर्माण होतो. त्याचे क्षेत्र भूपृष्ठावर पृथ्वीच्या क्षेत्राविरुद्ध असते. वादळकाळी कणांना ऊर्जा मिळते ती विद्युत् क्षेत्रापासून. चुंबकीय क्षेत्र त्यांना केवळ वळविते.

२ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घटल्याची नोंद झाली. त्या घटीत वलयप्रवाहाचा वाटा किती, याविषयी अद्याप मतभेद आहेत. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने वेध दूषित होणार, म्हणून १९०४ साली अलिबाग येथे चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर वेध घेऊन जुन्या व नव्या नोंदींचा सांधा जुळविण्यात आला.

या सांध्याचे मोल केवळ ऐतिहासिक नव्हे. १३ मार्च १९८९ च्या चुंबकीय वादळात कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा सुमारे नऊ तास बंद पडला. असे वादळ किती प्रबळ होऊ शकते, हे ठरविण्यास कुलाब्याच्या त्या नोंदीचा आधार आजही घ्यावा लागतो.